फ्रिज बिघडला? मेकॅनिकला फोन लावायच्या आधी एवढं बघून घ्या

फ्रिज थंड करत नाहीये असं कळलं की घरातलं कुणीतरी हमखास म्हणतं, "गॅस संपला असेल." मीपण कितीतरी वर्षं हेच म्हणायचो. पण फ्रिजमधला गॅस संपत नसतो, तो गाडीतल्या पेट्रोलसारखा जळत नाही, बंद नळ्यांमधून तोच तो गोल गोल फिरत राहतो आणि नळीला कुठे भोक पडलं किंवा जोड सुटला तरच कमी होतो. बहुतेक वेळा भानगड वेगळीच असते, कुठे धूळ साचलेली, कुठे बर्फ अडकलेला, दाराचं रबर सैल झालेलं, नाहीतर पाण्याचं भोक तुंबलेलं. आणि ही कामं आयुष्यात कधी स्क्रू ड्रायव्हर हातात न धरलेल्या माणसालाही जमतात.

त्यासाठी एकच गोष्ट आधी समजून घ्यायची. फ्रिज थंडी तयार करत नाही, तो आतली उष्णता उचलतो आणि बाहेर नेऊन टाकतो. कंप्रेसर गॅस दाबतो, दाबलेला गॅस गरम होतो आणि कंडेन्सरच्या नळ्यांत जातो (जुन्या फ्रिजच्या मागची काळी जाळी म्हणजे तोच, नवीन मॉडेलमध्ये या नळ्या बाजूच्या पत्र्याच्या आत लपवलेल्या असतात), तिथे उष्णता सोडून त्याचं द्रव होतं, मग ते एका अगदी बारीक नळीतून फ्रीजरच्या कॉईलमध्ये (वळणावळणाच्या नळीत) शिरतं, तिथे दाब एकदम पडतो आणि ते उकळायला लागतं. हो, उकळतं, तेही शून्याच्या बरंच खाली, आणि उकळायला लागणारी उष्णता ते फ्रीजरमधून ओढून घेतं. बस्स, एवढाच खेळ.

म्हणजे फ्रिज थंड करत नसेल तर चारच प्रश्न विचारायचे. कंप्रेसर चालतोय का? आतली उष्णता बाहेर पडतेय का? बाहेरची उष्णता आत घुसतेय का? आणि आत थंड हवा फिरतेय का? पुढचं सगळं याच चार प्रश्नांभोवती आहे.

आधी आपला फ्रिज कुठला ते ओळखा

एक असतो डायरेक्ट कूल, बहुतेक एका दाराचा. त्यात फ्रीजरच्या भिंतीवर बर्फ दिसतो आणि तो काढायला मधे एक बटण असतं, किंवा फ्रिज बंदच करावा लागतो. दुसरा फ्रॉस्ट फ्री. त्यात बर्फाची कॉईल फ्रीजरच्या मागच्या प्लास्टिक पॅनलच्या आड असते, एक छोटा पंखा तिथली थंड हवा वर-खाली फिरवतो, आणि ठराविक तासांनी एक हीटर आपोआप चालू होऊन कॉईलवरचा बर्फ वितळवतो. सारखंच लक्षण दोन्ही फ्रिजमध्ये वेगळ्या कारणाने येऊ शकतं, म्हणून हे आधी.

हात लावायच्या आधी

प्लग काढा. नुसतं बटण बंद नाही, प्लगच काढा. पाणी, हात आणि वीज एका वेळी एका जागी नकोत. फ्रिजला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर बाकी काही बघत बसू नका, प्लग काढा आणि इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या, "हलका शॉक आहे, चप्पल घालून उघडतो" हा उपाय नव्हे.

आणि कंप्रेसरवर किंवा मागच्या स्टिकरवर आर-६००ए लिहिलंय का ते बघून ठेवा, सोबत बहुतेक ज्वाळेचं चित्र असलेला पिवळा त्रिकोण असतो. हा आयसोब्युटेन, स्वयंपाकाच्या गॅसच्या कुळातला, म्हणजे पेट घेणारा. फ्रिजमध्ये तो अगदी थोडा, बहुधा शंभर ग्रॅमपेक्षाही कमीच असतो त्यामुळे रोजच्या वापरात घाबरायचं काही नाही, पण नळी फुटली असा संशय आला तर खिडक्या उघडायच्या, आग-ठिणगी लांब ठेवायची आणि जवळची बटणं चालू-बंद करायची नाहीत.

पायरी पहिली : खरंच बिघडलाय का ते मोजा

हाताला थंड लागतंय का यावर जाऊ नका, हात फसवतो. एक साधा थर्मामीटर घ्या (तापाचा नाही, फ्रिजचा), पाण्याने भरलेल्या ग्लासात बुडवा आणि मधल्या कप्प्यात रात्रभर ठेवा. सकाळी दार उघडून लगेच वाचा. ३ ते ४ डिग्री सेल्सिअस असेल तर उत्तम, ५ च्या वर जात असेल तर काहीतरी गडबड आहे. फ्रीजरमध्ये उणे १८ च्या आसपास हवं, तिथे पाणी नको, दोन गोठलेल्या वस्तूंच्या मधे थर्मामीटर खुपसून ठेवायचा. पाण्यात का, तर दार उघडलं की हवेचं तापमान क्षणात बदलतं, पाण्याचं नाही.

फ्रिज नवा असेल, किंवा नुकतीच लाइट गेली होती, किंवा आज एकदम भरपूर सामान आत कोंबलंय, तर एक पूर्ण दिवस जाऊ द्या आणि मग मोजा. घर बदलताना फ्रिज आडवा नेला असेल तर उभा करून चांगला दिवसभर तसाच ठेवायचा आणि मग चालू करायचा, कारण आडवा केल्यावर कंप्रेसरमधलं तेल नळ्यांमध्ये पळतं, ते परत खाली उतरायला वेळ लागतो.

फ्रिज चालूच होत नाही

आतला दिवा लागतोय का? नसेल लागत तर फ्रिजला दोष देण्याआधी त्याच सॉकेटला दुसरी कुठलीतरी वस्तू लावून बघा, टेबल लॅम्प चालेल. मग एमसीबी (मेन बोर्डवरचा, जास्त करंट आला की आपोआप पडणारा खटका) पडलाय का बघा. मग प्लगच्या पिना काळ्या पडल्यात का, सॉकेट गरम झालंय का. एक्स्टेंशन बोर्डवर फ्रिज चालवत असाल तर तो काढून थेट भिंतीत लावा, कंप्रेसर सुरू होताना एकदम जास्त करंट ओढतो आणि स्वस्तातली वायर तिथेच मार खाते. स्टॅबिलायझर असेल तर त्यावर कुठला दिवा लागलाय ते बघा, व्होल्टेज कमी किंवा जास्त असेल तर तो मुद्दामच फ्रिजला वीज देत नाही, आणि नुकताच चालू केला असेल तर काही मिनिटं थांबवून ठेवतो.

दिवा लागतोय पण कंप्रेसरचा आवाजच नाही? थर्मोस्टॅटचा (थंडी किती ठेवायची ते ठरवणारा) नॉब शून्यावर किंवा ऑफवर गेलाय का बघा, साफसफाई करताना हात लागून फिरतो. डायरेक्ट कूलमध्ये डीफ्रॉस्टचं, म्हणजे बर्फ वितळवायचं, बटण आत दाबलं गेलंय का बघा, बर्फ वितळेपर्यंत कंप्रेसर सुरू होणारच नाही. डिस्प्लेवाल्या मॉडेलमध्ये आणखी एक गंमत असते, डेमो मोड. दुकानात मांडून ठेवताना दिवे लागावेत पण कूलिंग चालू नसावं म्हणून ही सोय असते, आणि चुकून दोन बटणं एकत्र दाबली गेली की घरातही चालू होते. कसा बंद करायचा ते पुस्तिकेत असतं.

हे सगळं ठीक आणि मागून दर काही मिनिटांनी "टक्‌" असा आवाज येतो, थोडं घुं होतं आणि परत टक्‌, असं चाललंय? म्हणजे कंप्रेसर सुरू व्हायला बघतोय, जमत नाहीये आणि ओव्हरलोड नावाचा रक्षक त्याला दर वेळी बंद करतोय. कारण व्होल्टेज कमी असणं, रिले (कंप्रेसरला सुरू व्हायला मदत करणारा पार्ट) गेलेला असणं, किंवा कंप्रेसरच जाम झालेला असणं. पहिलं तुम्ही तपासू शकता, उरलेली दोन मेकॅनिकची कामं, पण एवढं लक्षात ठेवा की रिले हा कंप्रेसरच्या कुशीला लावलेला काडेपेटीएवढा पार्ट असतो आणि तो बदलणं छोटं काम आहे. त्यामुळे "कंप्रेसर गेला" असं कुणी एका मिनिटात सांगितलं तर "रिले बदलून बघितला का?" असं जरूर विचारा. तोपर्यंत फ्रिज बंद ठेवा, तासन्‌तास टक्‌टक्‌ होऊ देऊ नका.

आणि हो, फ्रिज बंद करून लगेच चालू करायची सवय असेल तर सोडा. बंद झाल्यावर नळ्यांमधला दाब दोन्ही बाजूंना सारखा व्हायला थोडा वेळ लागतो, तोवर कंप्रेसरला भिंत ढकलल्यासारखं होतं. किमान पाच मिनिटं मधे जाऊ द्या.

चालतोय, पण थंड कमी करतो

सगळ्यात जास्त तक्रार हीच असते म्हणून इथे जरा निवांत बसू. क्रमाने जा, मधलं काही सोडू नका.

१. मागे बघा. फ्रिज भिंतीला चिकटवलाय का? मागे साधारण हातभर नको पण वीतभराच्या आसपास, निदान १० सेंटिमीटर तरी जागा हवी, बाजूला आणि वर पण थोडी. कारण आठवा, उष्णता बाहेर टाकायचीये. ती टाकायला जागाच नाही तर ती जाणार कुठे. शेगडी शेजारी असेल किंवा दुपारचं ऊन थेट पत्र्यावर येत असेल तर फ्रिज हलवा. फ्रिजवर पसरलेले कपडे आणि मागे कोंबलेल्या पिशव्या, ते पण काढा.

२. धूळ काढा. मागे जाळी असेल तर प्लग काढून फ्रिज पुढे ओढा आणि मऊ ब्रशने किंवा व्हॅक्यूमने धूळ झाडा. काही मॉडेलमध्ये कॉईल खाली, पुढच्या पट्टीच्या आत असते, तिथे बारीक लांब ब्रश लागतो. घरात कुत्रा-मांजर असेल तर तिथे अक्षरशः लोकरीची गोधडी निघते. सहा महिन्यांतून एकदा हे केलं तरी पुष्कळ. नळ्या आत लपवलेल्या असतील तर ही पायरी तुम्हाला नाही, सुटलात.

३. दाराचं रबर. एक कागदाची पट्टी घ्या, दारात अर्धी आत अर्धी बाहेर ठेवून दार लावा आणि ओढा. जराशी अडकत अडकत आली तर रबर ठीक, सुळकन निघाली तर तिथून हवा जातेय. असं चारही बाजूंनी, विशेषतः खालच्या कोपऱ्यात आणि बिजागरीच्या बाजूला करा. दुसरी पद्धत मला जास्त आवडते, रात्री खोलीतला दिवा बंद करून मोबाइलचा टॉर्च चालू करून फ्रिजमध्ये ठेवायचा, दार लावायचं आणि कुठून उजेडाची रेघ दिसते ते बघायचं. रेघ दिसली की रबर बदलायच्या आधी ते धुवा. कोमट साबणाचं पाणी आणि जुना टूथब्रश, रबराच्या घड्यांमध्ये चिकट काळा थर बसलेला असतो, त्यानेच अर्ध्या वेळा रबर चिकटत नाही. तरीही एका जागी आत दबलेलं असेल तर हेअर ड्रायरने लांबून हलकंसं गरम करून बोटाने ओढून सरळ करा आणि दार लावून ठेवा. फाटलं असेल तर मात्र नवीनच.

रबर चांगलं आहे तरी दार नीट लागत नाही? फ्रिजचे पुढचे पाय फिरवून पुढची बाजू किंचित वर करा. अर्धवट उघडलेलं दार आपोआप मागे येऊन लागलं पाहिजे, एवढाच कल.

४. आतलं सामान. थंड हवा येते त्या जाळ्या मागच्या भिंतीवर असतात, त्यांच्या तोंडाशीच मोठं पातेलं ठेवलंय का? सामान इतकं ठासून भरलंय का की मधे बोट जात नाही? गरम वस्तू थेट आत जातेय का? वाफ निघणं थांबलं की ठेवा, पण शिजवलेलं तासन्‌तास बाहेर पण सोडू नका, दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जायला हवं. मोठ्या भांड्यातलं लहान उथळ डब्यांत काढलं की पटकन निवतं.

५. नॉब. बहुतेक नॉबवर मोठा आकडा म्हणजे जास्त थंड. पण आकडा वाढवल्याने फ्रिज "लवकर" थंड होत नाही, जास्त वेळ चालतो एवढंच. दोन नॉबवाल्या फ्रॉस्ट फ्रीमध्ये एक फसवणूक असते. अनेक मॉडेलमध्ये फ्रीजरचा नॉब खरं तर खाली किती हवा सोडायची ते ठरवतो, म्हणजे तो सगळ्यात थंडवर नेला की खाली जाणारी हवा कमी होते आणि खालचा भाग गरम पडतो. लोक मग अजून घाबरून अजून फिरवतात. मधल्या आकड्यावर आणा आणि एक दिवस बघा.

वर दगडासारखं गोठतंय आणि खाली दूध नासतंय

फ्रॉस्ट फ्रीवाल्यांनो, हे खास तुमचं. फ्रीजर व्यवस्थित चालतोय म्हणजे कंप्रेसर ठीक आहे, गॅस ठीक असण्याची शक्यता मोठी आहे. अडचण चौथ्या प्रश्नात आहे, हवा खाली येत नाहीये.

पहिलं, पंखा. दार उघडलं की बऱ्याच मॉडेलमध्ये तो थांबतो, म्हणून फ्रीजरचं दार उघडून चौकटीवरचा छोटा स्विच बोटाने दाबून धरा आणि ऐका. पंख्याचा आवाज आला पाहिजे, जाळीपाशी हात धरला तर वारा लागला पाहिजे. काहीच नाही तर पंखा गेलाय किंवा बर्फात अडकलाय. खरखर खरखर येत असेल तर पातं बर्फाला घासतंय.

दुसरं, मागच्या पॅनलवर बर्फाची नक्षी दिसतेय का? दिसत असेल तर आडच्या कॉईलवर बर्फाची भिंत उभी राहिलीय आणि हवेला वाटच नाहीये. आता चाचणी. सामान काढा, प्लग काढा, दोन्ही दारं उघडी ठेवा, खाली जुने टॉवेल अंथरा आणि २४ तास सोडून द्या. आतला बर्फ दिसत नाही म्हणून तीन तासांत चालू करू नका, आडचा गोळा वितळायला वेळ लागतो. मग चालू करा. आठवडाभर छान चालून परत तेच झालं तर निदान झालं, आपोआप बर्फ वितळवणारी यंत्रणा बंद पडलीय, म्हणजे हीटर, त्याचा सेन्सर किंवा बायमेटल (तापमान बघून हीटर चालू-बंद करणारा स्विच), नाहीतर टायमर किंवा बोर्ड. मेकॅनिकला नेमकं हेच वाक्य सांगा, "पूर्ण डीफ्रॉस्ट केल्यावर आठवडा चालतो आणि परत खालचं गरम होतं." त्याचा अर्धा तास वाचेल, आणि तुम्हाला गॅस भरायची गळ घालायला त्याला तोंड राहणार नाही.

परत बिघडलाच नाही तर? मग एखाद्या रात्री दार किलकिलं राहिलं असेल, दमट हवा आत जाऊन बर्फ झाली असेल. होतं असं.

बर्फाचे डोंगर, आणि माझा चाकू

डायरेक्ट कूलमध्ये बर्फ होणारच, पण अर्धा सेंटिमीटर झाला की काढायचा. जास्त साचला की तो कॉईलला पांघरूण घातल्यासारखा होतो आणि थंडी उलट कमी लागते.

कसा काढायचा नाही ते मला चांगलं माहितीये. बर्फाचा ट्रे चिकटला होता, मला घाई होती, आणि हातात भाजीची सुरी होती. टोक ट्रेखाली घातलं, जरा उचकटलं, आणि "फुस्स्स" असा आवाज आला, सायकलच्या ट्यूबमधून येतो तसा, दहा-पंधरा सेकंद. मी सुरी हातात धरून तसाच उभा. फ्रीजरची ती पांढरी भिंत म्हणजे नुसती भिंत नव्हे, ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यातच गॅसच्या वाटा असतात, आणि मी त्यातल्या एकीला भोक पाडलं होतं. दुरुस्ती झाली, पण नंतर तो फ्रिज कधी पहिल्यासारखा चालला नाही.

तर सुरी नाही, स्क्रू ड्रायव्हर नाही, हातोडी तर नाहीच. प्लग काढा, दार उघडा, फ्रीजरमध्ये गरम पाण्याचं भांडं खाली जाड कपडा घालून ठेवा आणि दार लावून घ्या, वीस मिनिटांनी पाणी बदला, सुटलेले तुकडे हाताने उचला. पुसून कोरडं करा आणि मग चालू करा. ट्रे चिकटू नये म्हणून ठेवताना त्याची खालची बाजू कोरडी करून ठेवायची, एवढंच.

खाली पाणी, भाजीच्या ड्रॉवरखाली तळं

फ्रिजच्या मागच्या भिंतीवरचे थेंब ओघळून एका बारीक पन्हळीत येतात, तिथल्या भोकातून पाईपने मागे जातात आणि कंप्रेसरवरच्या ट्रेमध्ये पडतात. कंप्रेसर गरम असतो, त्या उबेने पाणी उडून जातं. साधी आणि हुशार सोय. भोक तुंबलं की पाणी आतच साचतं, भाजीच्या ड्रॉवरखाली, आणि मग दारातून बाहेर लादीवर.

ड्रॉवर काढा, मागच्या भिंतीच्या तळाशी भोक शोधा. मोठ्या सिरिंजने कोमट पाणी हळूहळू आत सोडा. उकळतं नको, प्लास्टिक आहे. पाणी उलट वर आलं तर जाड नायलॉनचा दोरा किंवा स्ट्रॉ हलक्या हाताने फिरवा, तार घुसवू नका. माझ्या फ्रिजमधून एकदा फळावरचा तो छोटा गोल स्टिकर निघाला होता, बरोबर भोकावर जाऊन बसलेला, मोजून मापून कापल्यासारखा, आणि त्यासाठी मी पंधरा दिवस रोज लादी पुसत होतो. पाणी मागे ट्रेमध्ये पडल्याचा आवाज आला की काम झालं.

फ्रॉस्ट फ्रीमध्ये हेच भोक फ्रीजरच्या पॅनलमागे असतं आणि तिथे बर्फाने बंद होतं, मग फ्रीजरच्या तळाला बर्फाची लादी जमते. वरची २४ तासांची पद्धत त्यालाही चालते. मागचा ट्रे तडकलाय का तेही एकदा बघा. आणि आत कुठेही न दिसता सतत वास येत असेल तर तो ट्रे काढून धुवा, आतले सगळे डबे धुवून वास जात नाही त्याचं कारण बऱ्याचदा तिथे असतं. आत पुसायला एक लिटर कोमट पाण्यात दोन चमचे खायचा सोडा पुरतो, वासाचे केमिकल नकोत.

आवाज आणि गरम बाजू

गुळगुळ, सूं, पाणी वाहिल्यासारखं : गॅस फिरतोय, ठीक. कट्‌ किंवा कडाड : प्लास्टिक आकसतंय-पसरतंय, ठीक. तव्यावर पाणी पडल्यासारखं चर्र : हीटरवर बर्फाचे थेंब पडतायत, फ्रॉस्ट फ्रीमध्ये ठीक. थडथड, खडखड : फ्रिज डगमगतोय किंवा मागची नळी, ट्रे कशालातरी लागतोय, हाताने धरून बघा, आवाज थांबला की तोच गुन्हेगार.

बाजूचा पत्रा किंवा दाराची चौकट गरम लागते म्हणून घाबरून जाणारे खूप जण असतात. त्या आत कंडेन्सरच्या नळ्याच आहेत, चौकटीत तर मुद्दाम फिरवलेल्या असतात म्हणजे रबरापाशी दव धरत नाही. हात ठेवता येतोय तोवर चिंता नाही. उलट फ्रिज तासन्‌तास चालतोय, थंड करत नाहीये आणि बाजू अजिबात कोमट पण नाहीत, तर तो प्रकार जरा काळजीचा.

इन्व्हर्टर कंप्रेसर जवळपास सतत चालतो, हळू वेगाने, तो तसाच बनवलाय. साधा कंप्रेसर मात्र मधे मधे थांबला पाहिजे, दिवसभर थांबतच नसेल तर रबर, धूळ आणि नॉब परत बघा.

आतला दिवा दार लावल्यावर विझतो का, हेही सोप्पं आहे, चौकटीवरचा स्विच बोटाने दाबा. विझला नाही तर तो आत रात्रंदिवस जळतोय.

भाजी गोठते, किंवा थंडीच्या दिवसात फ्रीजर मऊ पडतो

भाजीवर बर्फ येतो तेव्हा बहुधा ती मागच्या भिंतीला टेकलेली असते, किंवा नॉब उन्हाळ्यात वाढवलेला तसाच राहिलाय. कमी करा आणि दोन बोटं पुढे ओढा. तरीही गोठत असेल तर हवा सोडणारी झडप उघडीच अडकली असेल किंवा सेन्सर गेला असेल.

दुसरा प्रकार विचित्र वाटतो. खोली खूप गार असली की एकच थर्मोस्टॅट असलेल्या फ्रिजला वाटतं आत पुरेसं थंड आहे, कंप्रेसर चालतच नाही आणि फ्रीजरमधलं मऊ पडतं. मागच्या स्टिकरवर एन, एसटी, टी अशी अक्षरं असतात, तो फ्रिज खोलीच्या किती तापमानात चालायला बनवलाय ते सांगतात. एन म्हणजे १६ ते ३२ डिग्री, एसटी १६ ते ३८, टी १६ ते ४३, आणि एसएन असेल तर १० ते ३२. गच्चीवरच्या खोलीत किंवा गॅरेजमध्ये फ्रिज ठेवणाऱ्यांनी हे आधी वाचा.

लाइट गेली तर

दार उघडू नका. बंद दाराचा फ्रिज साधारण ४ तास धीर धरतो, गच्च भरलेला फ्रीजर ४८ तासांपर्यंत आणि अर्धा भरलेला २४. दर दहा मिनिटांनी उघडून "अजून थंड आहे ना" बघणाऱ्याच्या घरी हे आकडे लागू नाहीत.

आता खरंच मेकॅनिक लागेल

सारखं एमसीबी पडणं, जळका वास, टक्‌टक्‌ थांबत नाही, पंखा मेला, डीफ्रॉस्ट परत परत बिघडतं, किंवा फ्रीजरच्या कॉईलवर एकाच कोपऱ्यात बर्फ आणि बाकी कोरडं. हे शेवटचं मात्र गॅस कमी झाल्याचं लक्षण असू शकतं, आणि नळीच्या जोडावर तेलकट डाग दिसला तर तिथे गळती असण्याची शक्यता आहे.

गॅस भरायची वेळ आलीच तर तीन गोष्टी विचारा. गळती शोधून बंद केली का? फिल्टर (नळ्यांमधली ओल आणि कचरा अडवणारा पार्ट) बदलला का? गॅस भरायच्या आधी पंपाने नळ्यांमधली हवा आणि ओल ओढून काढली का? यातली पहिली झाली नसेल तर भरलेला गॅस त्याच भोकातून परत जाणार. आणि स्टिकरवर आर-१३४ए असेल तर तोच, आर-६००ए असेल तर तोच, "दुसरा पण चालतो" हे ऐकून घेऊ नका.

फोन करताना मॉडेल नंबर (आतल्या भिंतीवरच्या स्टिकरवर असतो), किती दिवसांपासून, वर थंड आहे का, खाली थंड आहे का, कंप्रेसरचा आवाज येतो का, आणि तुम्ही काय काय करून बघितलंत ते सांगा. डिस्प्लेवर कोड आला असेल तर प्लग काढायच्या आधी फोटो काढून ठेवा, बंद केल्यावर तो पुसला जाऊ शकतो. मेकॅनिक यायच्या आधी फ्रिजच्या मागे माणूस बसू शकेल एवढी जागा मोकळी करा आणि फ्रीजर रिकामा करून ठेवा. काम झाल्यावर तो ग्लास आणि थर्मामीटर परत मधल्या कप्प्यात ठेवा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वाचा, ४ च्या आसपास आला की मग सामान भरा.